सरळ रेषेत पाच

दहा वाक्यं. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. विषम आकड्यांची वाक्यं कौतुकाची: मशीन वापरायला सोपं आहे, वापरताना धीर वाटला. सम आकड्यांची तक्रारीची: मशीन उगाच किचकट आहे, जाणकार जवळ नसेल तर मला जमणार नाही. प्रत्येकापुढे एक ते पाच असे चौकोन. पाच म्हणजे पूर्ण पटलं. कौतुक पटलं तर गुण मिळतात, तक्रार पटली तर जातात. म्हणून कुणी वरपासून खालपर्यंत नुसत्या पाचांवर खुणा केल्या, तर शंभरापैकी बरोबर पन्नास होतात. आमच्याकडे सत्तरच्या खाली मशीन नापास.

आमचं मशीन डायलिसिसचं, घरच्या घरी रक्त शुद्ध करायचं. पेशंटची काळजी घेणाऱ्या बारा जणांनी चाचणीच्या खोलीत ते चालवून पाहिलं आणि मग कागद भरला. सरासरी आली चोपन्न. मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. अलार्म थांबवायचं बटण तिसऱ्या स्क्रीनवर लपवू नका, म्हणून दोन वर्षं मी घसा फोडत होते.

साहेबांनी बाराही कागद टेबलावर पसरले.

"सात जणांच्या खुणा सरळ रेषेत पाच. यांनी वाचलेलंच नाही. चांगलं म्हणायचं म्हणून पाच ठोकत गेले. या सातांची सम वाक्यं उलटी धर."

उलटी धरली की पन्नासाचे शंभर होतात. सरासरी त्र्याऐंशी. इतक्या सरळ चेहऱ्यानं हा माणूस हे बोलला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, त्या सातांत एक मावशी आहेत. अलार्म वाजला तेव्हा चार मिनिटं त्या नुसत्या स्क्रीनकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी वायरच उपटली. इथं नळ्यांत रंगीत पाणी होतं. घरी नवऱ्याचं रक्त असेल. ते साकळलं तर?"

"व्हिडिओचा अहवाल वेगळा जातो. हा कागद मताचा आहे."

"मत त्यांचं की तुमचं?"

"आवाज खाली. नापास झालं तर सहा महिने मागे जाऊ. त्यांनी वाचलं होतं असं तुझं म्हणणं असेल, तर विचारून ये. एकीनं जरी वाचलं म्हणून सांगितलं, तरी मी सातही कागद जसेच्या तसे ठेवतो. नाहीतर सहा वाजता त्र्याऐंशीवर मला तुझी सही हवी."

मी पर्स उचलली आणि निघाले. दार आपटलं की नाही ते आठवत नाही, आपटलं असेल.

मावशींचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काका नुकतेच हॉस्पिटलमधून आले होते, या आठवड्यातली तिसरी खेप. दंडाला कापूस चिकटवलेला, तोंड भिंतीकडे. मावशींनी मला स्वयंपाकघरात बसवलं. त्यांचा कागद मी पुढे ठेवला आणि एकेक वाक्य वाचायला लागले.

"अगं, मला वाचून काय दाखवतेस," त्या म्हणाल्या. "छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली मी. वेलांटी चुकली तरी डोळ्यांत खुपायची. तुमच्या सातव्या वाक्यात एक शब्द दोनदा पडलाय."

मी बघितलं. पडला होता. कंपनीत कुणालाच दिसला नव्हता, मलाही नाही.

"मग सोपं आहे, पाच. आणि किचकट आहे, त्यालाही पाच?"

"त्या शिकवणाऱ्या बाईनं करून दाखवलं तेव्हा सोपंच होतं. एकटीवर आलं तेव्हा किचकट. दोन्ही खरं."

"जाणकार नसेल तर जमणार नाही?"

"नाही जमणार. बघितलंस ना तू."

"तरी वापरायला आवडेल, पाच?"

"दोन बस बदलून नेते यांना, आठवड्यातून तीनदा. येताना रस्त्यात ओकतात. सहाचा चौकोन असता तर सहा केलं असतं."

म्हणजे पन्नास हा आकडा चुकीनं आलेला नव्हता. तोच खरा होता. मी साहेबांचं सगळं पुराण त्यांना सांगून टाकलं: उलटी वाक्यं, त्र्याऐंशी, सहा महिने. मला वाटलं, त्याही माझ्यासारख्या भडकतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असं कर. सांग त्यांना, बाईनं न वाचताच खुणा केल्या."

"मावशी."

"सांग, अडाणी आहे म्हणून. माझं काय जातंय."

त्या क्षणी मला साहेबांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला, आणि तो आला म्हणून स्वतःचा. "वायर उपटलीत तुम्ही," मी म्हटलं. "तुमच्या हातून काका जातील. सहा महिने थांबा, बटण पुढे आणायलाच लावते मी."

"आणि हे थांबतील का सहा महिने?"

त्यांनी आवाज चढवला नाही. आतून काका खोकले. डॉक्टर काय म्हणाले, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सहाला पाच मिनिटं असताना मी तिथूनच, त्यांच्यासमोर, साहेबांना फोन लावला. "एक घर झालं. वाचून, समजून केल्यात खुणा. सातही कागद पन्नासच धरा." पलीकडून ते काहीतरी बोलत राहिले, मी फोन बंद केला.

मावशी उठल्या. ताटातलं झाकलेलं जेवण घेऊन काकांकडे गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "परवा सकाळी सातची बस आहे. यांना एका बाजूनं धरायला ये."