पलंगाखालचं विचारणारा पाहुणा

"आन् हे बी लिवा," सगुणा म्हणाली, "चादर रोज बदलता का म्हणून."

किशननं लिहिलं. येलदरीच्या विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात, भाजी चिरायच्या टेबलावर, उत्तराचं कोरं कार्ड सोबत असलेली, तीन जोडकार्डं मांडून तो बसला होता. एक औरंगाबादच्या हॉटेलाला, दोन हैदराबादच्या. तिन्ही मोठी, लिफ्टवाली. नावं त्यानं विश्रामगृहात कुणीतरी टाकून गेलेल्या मासिकातल्या जाहिरातींतून उतरवून घेतली होती.

किशन आश्रुबा खंदारे त्या विश्रामगृहाचा खानसामा. धरण बघायला येणाऱ्या साहेबलोकांना रांधून वाढायचं, त्यांच्या गाद्या घालायच्या, बंब पेटवायचा. दहा वर्षं त्याचं हेच चाललं होतं. चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात त्याचं लग्न झालं. झरीची सगुणा, सातवी शिकलेली, बोलायला मोकळी. लग्नानंतर आठ दिवसांनी एका इंजिनियरसाहेबांच्या बाई मुक्कामाला आल्या आणि चहा घेताघेता सहज म्हणाल्या, "मग किशन, हनिमूनला कुठं नेणार बायकोला?"

बाई विचारून गेल्या. किशनच्या डोक्यातून मात्र ते जाईना. दुसऱ्यांच्या गाद्या आपण दहा वर्षं घातल्या. तीन दिवस आपली गादी दुसऱ्यानं घातली तर?

त्याच्या आईला, सरजाबाईला, शब्दच नवा होता.

"ते काय असतंय?"

"नवऱ्या-बायकोनं गावाला जायचं. हॉटेलात ऱ्हायचं."

"आन् रांधायचं कुणी?"

"हॉटेलवाल्यानं."

"मंग सून काय करंल?"

"बसंल."

"मला कुणी नेलं न्हाई असं बसायला," सरजाबाई म्हणाली. मग उठून तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं हिरवं पातळ काढलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

आता कार्डं लिहून होत आली होती. खाली किशननं नुसतं 'आपला किशन' असं लिहिलं, तसं सगुणानं बोट ठेवलं.

"पुरं नाव लिवा. आडनावासगट."

"कामून?"

"तुमीच सांगितलं की मला. त्या साहेबानं तुमचं आडनाव इचारलं आन् मंग तुमच्या हातचं सोडून जिंतूरहून डबा आणवला. आपून एवढं लांब जायचं, पातळं नेसून, आन् दारात तसं व्हायचं? ज्याला आमी नको आसू त्यानं घरबसल्या कळवावं."

ती हे रागानं म्हणाली नाही. उद्या ऊन पडलं तर छत्री घ्या, अशा सुरात म्हणाली. किशननं तिन्ही कार्डांवर ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. आणि मग राहिलेल्या जागेत, आपल्या मनानं, एक ओळ वाढवली: 'पलंगाखालून झाडता का?'

सगुणा हसायला लागली. "आसं कुणी इचारतंय का?"

"वरून समदेच झाडतेत. खोली कशी हाय ते पलंगाखाली कळतंय."

पंधरा दिवस गेले. औरंगाबादहून गुळगुळीत छापील पत्रक आलं. त्यात इंग्रजी मजकूर आणि पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं, प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हैदराबादच्या एका हॉटेलाकडून काहीच आलं नाही. ते का आलं नाही, याचा दोघांनी आपापल्या मनाशी अंदाज बांधला. तिसऱ्या कार्डाचं उत्तर आलं ते 'गुलनार' हॉटेलाकडून. कुण्या मराठी कारकुनाकडून लिहवून घेतलेलं:

'रा. रा. किशनराव खंदारे यांस, चादर रोज बदलतो. पलंगाखालचे आजवर कोणी विचारले नव्हते. आपले कार्ड आल्यावर मी स्वतः वाकून पाहिले. शरम वाटली. आता रोज झाडतो. अवश्य यावे. मोईनुद्दीन, मॅनेजर.'

"किशनराव," सगुणानं मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. "हितंच जाऊ."

ठरलं.

एसटीनं परभणी, तिथून गाडी. सकाळी हैदराबादला उतरून दोघं रिक्षानं गुलनारच्या दारात पोचले, तेव्हा फेटेवाल्या दरवानानं खाडकन सलाम ठोकला. किशनचाही हात सवयीनं वर गेला. दोघांचे सलाम हवेत भेटले. सगुणानं पदर तोंडाला लावला.

आत पाय रुतेल असा गालिचा होता. किशननं चपला काढून हातात घेतल्या. सगुणानं डोळ्यांनी दटावलं तेव्हा पुन्हा घातल्या. काउंटरवरच्या माणसानं जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, गाव लिहून झालं. पुढचा रकाना धंद्याचा होता. तिथं किशनचा हात थांबला. वरच्या ओळींत डॉक्टर होता, कापसाचे व्यापारी होते, वकील तर तीन होते.

"सरकारी नोकर लिवू का?" तो हळूच म्हणाला.

"खोटं न्हाई ते," सगुणा म्हणाली. "पर खानसामा लिवा. कार्डात आडनाव न्हाई लपविलं, आन् हे लपवायलाव व्हय?"

त्यानं लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं ते उलटं वाचलं, नावाकडं पाहिलं, आणि तो तडक आतल्या खोलीत गेला. किशननं पेन खाली ठेवलं. सगुणानं पिशवी उचलून काखेत धरली.

आतून पांढऱ्या शेरवानीतला एक म्हातारा जवळजवळ धावत आला.

"पलंग के नीचे वाले?" त्यानं विचारलं. "आप खानसामा हैं? हौ, वहीच तो मैं बोला, ये सवाल कोई मामूली आदमी का नहीं!"

मोईनसाहेब स्वतः त्यांना लिफ्टमधून वर घेऊन गेले. खोलीचं दार उघडून ते बाजूला उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. किशननं बायकोकडं पाहिलं. मग गुडघे टेकले, पलंगाची झालर उचलली आणि आत डोकं घातलं. भिंतीपर्यंत फरशी चकचकीत होती.

"लय साफ," तो उठत म्हणाला. "आमच्यापरीस साफ."

मोईनसाहेबांनी छातीवर हात ठेवला आणि मान लववून निघून गेले.

मग त्या दोघांनी काय काय केलं, ते सगुणा पुढं वर्षानुवर्षं बायकांना सांगायची. गरम पाण्याची तोटी दहादा उघडून बघितली. लिफ्टनं चारदा वरखाली केलं, आणि लिफ्टवाल्यानं पाचव्यांदा स्वतःहून विचारलं. चारमिनारच्या गल्लीत तिनं डझनभर बांगड्या भरल्या. जेवायला बसल्यावर किशन बिर्याणीतला एकेक मसाला ओळखून सांगायचा आणि ती म्हणायची, "जेवा की गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा बेरा चादर बदलायला आला. अब्बास नाव होतं त्याचं. त्यानं नवी चादर झटकली, आणि किशननं नकळत पुढं होऊन दुसरं टोक धरलं.

"सोडा," सगुणा म्हणाली. "आज ते तुमचं काम न्हाई."

किशननं टोक सोडलं. पण बसवेना. म्हातारा एका बाजूनं कोपरा खोचायचा, मग गुडघ्यावर हात ठेवून पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जायचा. किशन भिंतीला टेकून उभा राहिला. गादी घालणारा माणूस कसा दिसतो, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो माणूस आपल्या पाठीकडं कुणी बघतंय हे ओळखून काम करत असतो. ते त्याला आज बाहेरून दिसलं.

काम झालं. अब्बास निघाला.

"चाचा," किशन म्हणाला, "चाय पियो. बैठके."

"नक्को साब. मेहमान के सामने हम नहीं बैठते."

"हम मेहमान न्हाई," किशन म्हणाला. त्याची हिंदी तिथंच अडली. "हम बी वहीच काम करते. येलदरी में."

अब्बासनं त्याच्या हातांकडं पाहिलं. सगुणानं सकाळच्या चहाच्या ट्रेमधल्या किटलीतून तीन पेले भरले. दोनच कप होते म्हणून स्वतःसाठी पाण्याचा ग्लास घेतला. खिडकीजवळची मखमली खुर्ची तिनं म्हाताऱ्यापुढं सरकवली.

तो अगदी कडेवर टेकला. टोपी काढून मांडीवर ठेवली. चहाचा एक घोट घेतला, आणि मग मागं सरून नीट बसला. खिडकीबाहेर हुसेनसागरचं पाणी उन्हात पसरलं होतं, लांबवर एक शिडाची होडी चालली होती.

"ग्यारह बरस से ये खिडकी पोंछता हूं," अब्बास म्हणाला, आणि पाण्याकडं बघत राहिला. कुणी घाई केली नाही. चहा संपेपर्यंत तिघंही तसेच बसून होते.