पायविहिरीवरचं चौथं नाव

आमच्या गावात ऐतिहासिक वास्तू संरक्षण मंडळ होतं आणि संरक्षण करण्यासारखी वास्तू एकच होती, गावाबाहेरची पायविहीर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सात सभासद ग्रामपंचायतीच्या खोलीत जमून तिची काळजी करायचो. विहिरीला याचा काही त्रास झाला नाही.

अध्यक्ष सदाशिवराव, निवृत्त हेडमास्तर. उपाध्यक्ष रूपराव, जे सभेत झोपत आणि ठराव आला की झोपेतच बरोबर हात वर करत. मी सचिव. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती आणि अक्षर चांगलं होतं. सचिवाला याहून जास्त काही लागत नाही.

सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे. पहिल्या चार सभा मी प्रामाणिकपणे लिहिल्या. पाचव्या वेळी लक्षात आलं की चारही एकसारख्याच आहेत. ‘विहिरीच्या दुरवस्थेबद्दल चिंता व्यक्त करण्यात आली. साधकबाधक चर्चा झाली. चहापानानंतर सभा संपली.’ तेव्हापासून मी इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवू लागलो. एकदा सदाशिवरावांना ताप आला, सभा झालीच नाही, तरी तिचं इतिवृत्त पुढच्या सभेत एकमतानं मंजूर झालं. रूपरावांनी अनुमोदन दिलं. हा किस्सा सांगून मी शेजारच्या जाम गावच्या चौकात कितीतरी चहा फुकट प्यालो.

एक्क्याऐंशी साली मंडळानं विहिरीवर दगडी पाटी लावायचं ठरवलं. मजकूर सदाशिवरावांनी तयार केला: ‘भोसलेकालीन पायविहीर, अंदाजे अडीचशे वर्षे जुनी.’ अंदाज त्यांचाच होता. आदल्या वर्षी तो दोनशेचा होता.

डिसेंबरच्या सभेत भागीरथाबाई दारात येऊन उभी राहिली. बौद्धपुऱ्यातली, ऐंशीच्या पुढची, हातात काठी. नातू ताराचंद सोबत होता. तो सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला, त्या दिवशी सुट्टीवर. आजीला खुर्चीवर बसवून तो चक्कीवर दळण आणायला गेला.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमी विहिरीवर राजाचं नाव टाकून राह्यले म्हंते.”

“हो आजी. भोसल्यांचं.”

“भोसला आलता काय खंदाले?”

रूपराव जागे झाले.

“मोठ्या काळात खंदली थे,” ती म्हणाली. “लोकं अन्नाले मोताद झालते तवा. मूठभर जवारीवर, आमच्याच लोकायनं. काठ खचला अन् चार जन दबले. माहा बाप त्यातलाच. मी मायच्या पोटात होती. खंदाले आमी अन् पानी भराले तुमी. थे जाऊ द्या, थे जुनं झालं. पन त्या चौघायचं नाव टाका.”

सदाशिवरावांनी मजकुराचा कागद पुन्हा एकदा वाचला. अडचण उघड होती. तिचं खरं मानलं तर विहीर जेमतेम ऐंशी वर्षांची. ऐंशी वर्षांची तर सदाशिवरावांची सख्खी मावशीही होती, तिला कोणी पाटी लावत नव्हतं.

मग त्यांनी मजकुराच्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो कोटाच्या खिशात टाकला. “सांगा आजी, नावं,” ते म्हणाले. एका माणसानं दीडशे-पावणेदोनशे वर्षं एका मिनिटात सोडून दिलेली मी स्वतः पाहिली. “सचिव, लिहून घ्या.”

तिनं चार नावं एका दमात सांगितली, बापाचं सगळ्यांत शेवटी, मायनं घोकून घेतली असावीत तशी. माझ्यापुढे रजिस्टर उघडं होतं. पान आदल्या दिवशीच भरलेलं होतं, अगदी चहापानापर्यंत. सगळ्यांदेखत आता वर काय लिहायचं? म्हटलं, घरी गेल्यावर समासात टाकू. पेन पानावर नुसतं फिरवलं.

“लेहेलं काय बाबू?”

“लिहिलं आजी.”

“वाच बरं.”

मी वाचलं. चारही नावं, बिनचूक, जरा थांबून थांबून, जसं वाचतात तसं. डोळ्यांसमोर चहापान होतं. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत उत्तम विनोद आहे असं मला वाटलं आणि हसू दाबता दाबता ठसका लागला.

“मंग माहा आंगठा घे खाली,” ती म्हणाली. “मी बापाले पाह्यलं नाई बाबू. नावच तेवढं आहे माह्याजवळ. ठेवजो नीट.”

रूपरावांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. ‘सभा संपली’च्या खाली अंगठा छान उठला.

घरी जाऊन मी नावं लिहिणारच होतो. पण बाहेर पडतो तर बातमी, जामजवळ संत्र्यांचा ट्रक उलटला. ड्रायव्हर धड होता, संत्री नव्हती. अख्खं गाव पिशव्या घेऊन सायकलींवर निघालं. मी म्हटलं, इतिहास ऐंशी वर्षं थांबला, संत्री थांबणार नाहीत. मी अकरा खाल्ली. हा आकडा मला आजही पक्का आठवतो.

जानेवारीत पाथरवटानं मजकूर मागितला. डोमा, लटारू, गणबा. तीन नावं आली, चौथं आलं नाही. रजिस्टर उघडून पाहिलं, जणू तिथे आपोआप उगवलं असेल. सदाशिवरावांकडे गेलो. “सर, ते चौथं नाव काय होतं बरं?”

“मले काऊन विचारता? रजिस्टरात पाहा ना.”

रूपराव म्हणाले, “मी त अनुमोदन देल्लं बुवा. कशाले देल्लं, थे तुमी लिवलं असन.”

मग सरळ भागीरथाबाईचं घर गाठलं. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “परवा लकवा मारला म्हातारीले. सेवाग्रामले नेलं.”

सायकल मारत सेवाग्रामला गेलो. ती खाटेवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र पूर्ण जागे. मला ओळखलं तिनं. मी वाकून विचारलं, “आजी, वडिलांचं नाव काय म्हणाला होतात तुम्ही?” तिचे ओठ हलले, आवाज आला, शब्द झाला नाही. मी कागद-पेन पुढे धरलं. का धरलं, देव जाणे, तिला लिहिता कुठे येत होतं? तिनं कागदाकडे पाहिलं, चांगला हात सावकाश उचलला आणि अंगठा त्यावर दाबून धरला. तिला वाटलं, सचिवाला आणखी एक अंगठा पाहिजे. शाई नव्हती, त्यामुळे काहीच उठलं नाही. तरी बराच वेळ दाबून होती.

ताराचंद बाहेर बाकावर भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आजीच्या वडिलांचं नाव काय रे?”

“मले कुठं माहीत जी? तिनं कधी सांगतलं नाई अन् आमी कधी विचारलं नाई. तुमच्याच रजिस्टरात लिहून देल्लं ना तिनं? म्या म्हटलं, पाटी लागन तवा समजनच.”

तिथे सांगता आलं असतं. माझं तोंडही उघडलं होतं. त्यातून निघालं, “चहा घेतोस?”

आठव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर मी जे केलं ते एरवी मंडळानं पाच वर्षांत केलं नसतं. मतदारयादी पाहिली: भागीरथा तानबा. तानबा नवरा. रेशन कार्डावर मुलगा. तलाठ्याकडच्या कागदात पुन्हा तानबा. बाईचा बाप सरकारला कधी लागलाच नव्हता. जुनं जन्ममृत्यूचं कोतवालबुक वाळवीनं खाल्लं होतं, नेमकं मधून, पुठ्ठे शाबूत ठेवून. बौद्धपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, “थे भागीरथालेच माहीत होतं. तिले विचाराले पाह्यजे होतं.”

पाथरवट तीन नावं कोरून चौथ्या ओळीवर छिन्नी ठेवून बसला होता. मी सदाशिवरावांना म्हटलं, “‘आणि इतर’ लिहू या का?” “जिनं नावं देल्ली, तिच्याच बापाले ‘इतर’ करता?” ते म्हणाले. “अन् नाव असताना?”

तेव्हा मी मतदारयादी परत काढली. यादीत माणसाच्या नावापुढे बापाचं नाव असतं. बौद्धपुऱ्यातल्या जुन्या माणसांच्या बापांची नावं मोजली. सर्वांत जास्त वेळा आलं ते नाव सोमा, नऊ वेळा. म्हणजे चूक व्हायची शक्यता त्यातल्या त्यात कमी. बी.ए.ला संख्याशास्त्राचा एक पेपर होता, त्याचा मला झालेला हा एवढाच उपयोग. पाथरवटाला जाऊन सांगितलं, सोमा.

फेब्रुवारीत पाटीचं उद्घाटन झालं. सदाशिवराव छान बोलले, भोसल्यांचं नावही काढलं नाही. विहीर ऐंशी वर्षांची आहे, असं ते चारचौघांत म्हणाले आणि त्यांना ते जड गेलं. बौद्धपुरा सगळा आला होता. बायकांनी पाटीला हळदकुंकू लावलं नाही, फुलं ठेवली. रूपराव पूर्ण वेळ जागे होते.

लोक पांगल्यावर ताराचंद पाटीपुढे उकिडवा बसला. तीन नावांवरून त्याची नजर घसरत चौथ्यावर आली. त्यानं अक्षरांत बोट फिरवलं.

“सोमा,” तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, “सोमा. आजी असंच म्हणाली होती ना जी?”

मला वाटलं होतं, कोणी विचारणारच नाही. विचारलंच तर काहीतरी गंमत सुचेल, आजवर सुचत आली होती.

“हो,” मी म्हणालो. “असंच म्हणाली होती.”

“तुमी लिहून ठेवलं म्हून,” तो म्हणाला. “नाई त गेलंच असतं तिच्यासंग.” त्यानं खिशातलं पेन काढलं, कागद सापडेना, म्हणून तळहातावर नाव लिहून घेतलं. चार वाजता त्याची ड्यूटी होती. शाई पुसू नये म्हणून तो हात जरा लांब धरून मोटारस्टँडकडे गेला.