फुसका ठरलेला साचा

मित्रांनो, तुम्ही ज्याच्या खाचांत बोटे घालून बघता आणि "हे काय असेल रे?" असे एकमेकांना विचारता, तो मी एक जुना साचा आहे. सिगार वळण्याचा लाकडी साचा. फोटो काढायला आत बोलावतील तोवर तुम्हाला फोटोग्राफरच्या दुकानातल्या या बाकावर बसायचेच आहे, तेव्हा माझी हकिगत ऐकून घ्या.

एक आधीच सांगतो. धूर वाईट, असे तुम्हाला शाळेत शिकवतात आणि ते खरेच आहे. मी धुराची वकिली करणार नाही. मी पडलो लाकडाचा, मला आगीचे कौतुक कुठून असणार? मला सांगायचे आहे ते माणसांबद्दल.

रस्त्यापलीकडच्या सिगारच्या कारखान्यासाठी एका सुताराने मला घडवले. त्याने गाठ नसलेले, चीर नसलेले लाकूड शोधून आणले. माझे दोन भाग आहेत, एक खालचा आणि एक वरचा, झाकणासारखा. दोन्हींत समोरासमोर दहा खाचा, मध्ये किंचित रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. सुतारकाका एकेका खाचेतून बोट फिरवायचे आणि कुठे खरखर लागली की पुन्हा घासायचे. शेवटी दोन्ही भाग असे जुळले की मधून सुई जाईना. मला वाटले, एवढ्या मायेने घडवणारा माणूस आपल्या वाईटावर कधी उठणार नाही. लाकूड भोळे असते.

मग मी थोरलीच्या मेजावर आलो. कारखान्यात दोन सख्ख्या बहिणी सिगार वळायच्या, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली तेव्हा नवशिकी होती. ती आत भरायचा तंबाखूचा पाला मुठीत गोळा करी, त्यावर एक पान गुंडाळी आणि ती गुंडाळी माझ्या खाचेत ठेवी. खाचा भरल्या की वर झाकण घालून मला लोखंडी दाबाखाली सरकवायचे आणि चाक आवळायचे. मध्येच एकदा उघडून प्रत्येक गुंडाळी जराशी फिरवायची, नाहीतर माझ्या सांध्याची रेघ तिच्यावर उठते. पहिल्या खेपेला थोरली ते विसरली आणि सगळ्या सिगारांवर शिवण घातल्यासारखी रेघ आली. धाकटीची हसून हसून पुरेवाट झाली. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले.

मी तिला सांभाळून घेतले. पाला कमी पडला की गुंडाळी माझ्यात खुळखुळायची, जास्त झाला की माझे झाकण बसायचे नाही. असे करता करता तिचा हात बसला. मग ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, "या साच्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही हं. हा माझा आहे." मी अगदी फुलून जायचो.

त्या काळी ज्याची त्याची आवड असे. डॉक्टरांना लांबलचक सिगार लागे, कारण तो तोंडात असला की वाटेत कोणी आपली दुखणी सांगत बसत नसे. टपालवाल्याला आखूड हवा असे, दोन गल्ल्यांच्या मध्ये संपणारा. शिंप्याला बरा जाडजूड लागे, पण कापडावर राख पडेल म्हणून तो पेटवतच नसे, नुसता चावत बसे. माझा बारीक, निमुळता सिगार आवडायचा तो फक्त आपल्या या फोटोग्राफरला.

एकदा एक तरुण फोटो काढायला आला. त्याला आपल्या हाताचे काय करावे तेच कळेना. फोटोग्राफरने स्वतःच्या खिशातला बारीक सिगार, न पेटवलेला, त्याच्या बोटांत दिला. तो फोटो दुकानाच्या काचेत लागला आणि रस्त्यावरचे लोक थांबून म्हणू लागले, "बोटं किती छान दिसतायत हो!" झाले! डॉक्टर, टपालवाला आणि शिंपी, सगळ्यांनी आपापल्या आवडी गुंडाळून ठेवल्या. जो तो बारीक सिगार मागू लागला. कारखान्याचे मालक पाहुण्यांना आणून मला दाखवायचे. मला लोकांनी डोक्यावर घेतले होते.

पण नव्याचे नऊ दिवस. एक अंगापिंडाने दणकट ठेकेदार फोटोला आला. त्याच्या बोटांत माझा सिगार आगकाडीएवढा दिसायला लागला, म्हणून फोटोग्राफरने त्याला जाड, सरळसोट सिगार दिला. काचेत आता तो फोटो आला. लगेच तीच माणसे एकमेकांना विचारू लागली, "बारीक ओढतोस? बरं नाही का तुला?"

मालकांनी जाड सिगारचा नवा साचा आणला. तो धाकटीला मिळाला. कानामागून आला आणि तिखट झाला! धाकटीच्या मेजावर कामाचा ढीग आणि थोरली रिकामी.

"ताई, बसून बसून पाठ दुखत असेल ना गं?" धाकटी मुद्दाम विचारायची. दोघी आधीच एकमेकींना पाण्यात पाहायच्या.

एक दिवस मालक थोरलीला म्हणाले, "बारीक आता कुणालाच नको. दुसरा जाड साचा यायला वेळ लागेल. तोवर तू घरी थांब."

मला तिची काळजी वाटली. तेवढ्यात तिने मला उचलले आणि मालकांच्या पुढे धरले.

"घरी कशाला? यालाच रुंद करून द्या की."

सुतारकाकांना बोलावणे गेले. त्यांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. "दहाही खाचा रुंद केल्या तर मधलं लाकूड राहतंय कुठं? मी एकाआड एक खाच बुजवतो आणि पाच करून देतो. पाच टिकतील."

"पाच?" थोरली उसळली. "धाकटीच्या साच्याला दहा आहेत. मी काय तिच्या निम्मी आहे?"

"अगं बाई, फुटेल तो."

"दहाच करा, काका."

काकांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि पटाशी काढली. मी हलू नये म्हणून थोरलीने मला दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. केसाने गळा कापणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? ज्याने मला घडवले तो कोरत होता आणि जिला मी घडवले ती धरून बसली होती. माझा निमुळता आकार भुसा होऊन जमिनीवर पडला आणि कोणीतरी तो झाडून नेला.

पहिलीच भरती झाली. चाक आवळले, आणि कट्‌कन आवाज आला. खाचांमधल्या पातळ भिंती फुटल्या होत्या. झाकण काढले तर आतल्या गुंडाळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, कुणाला पोक, कुणाला पोट.

"हे काय, जुळी झाली वाटतं!" मालक म्हणाले. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने धाकटी हसली.

थोरली लाल झाली. मग उचलली जीभ लावली टाळ्याला. "साचाच फुसका आहे. पहिल्यापासून असाच होता. मीच आपली कसंबसं निभावून नेत होते."

सुतारकाका तिथेच उभे होते. त्यांनी बाहीवरचा भुसा झटकला आणि पटाशी पिशवीत टाकून ते चालते झाले. मित्रांनो, पटाशी लागली तेव्हाही मला इतके दुखले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला. "माझा नेहमीचा द्या."

"अहो, जाडाची फॅशन तुम्हीच काढलीत ना?" मालकांनी विचारले.

"फॅशन काचेत लावायला. ओढायचा मला असतो."

थोरलीने पाला घेतला. साचा नाही, दाब नाही. तिने तळव्याखाली गुंडाळी फिरवली, टोके चिमटीत घेतली, आणि बघता बघता मेजावर बारीक सिगार तयार झाला. मध्ये किंचित भरलेला, टोकांना निमुळता. माझाच आकार. माझ्यात उरला नव्हता, पण तिच्या बोटांत जसाच्या तसा होता.

"साच्याशिवाय? कमाल आहे तुमची!" फोटोग्राफर म्हणाला.

"त्यात काय, हाताला येतंच ते," थोरली म्हणाली. तिने तो सिगार माझ्या एका धड खाचेत ठेवला. तो सैल पडून या टोकापासून त्या टोकाला घरंगळत गेला. तिचे लक्षही नव्हते.

फोटोग्राफरने ब्रश ठेवायला मला मागून घेतले. "न्या," थोरली म्हणाली, "जळणात जाण्यापेक्षा बरं." तेव्हापासून मी इथे आहे.

मध्यंतरी थोरली नातीला घेऊन फोटो काढायला आली. आता तिचे केस पिकले आहेत. नातीने तुमच्यासारखेच माझ्यात बोट घातले आणि विचारले, "आजी, हे काय आहे?" थोरलीने माझ्याकडे चांगले निरखून पाहिले. तिने मला ओळखले, हे मला शपथेवर सांगता येईल.

"काय की," ती म्हणाली. "असेल कसलंसं लाकूड."

मित्रांनो, तुमच्याही आवडी बदलतील. बदलू देत. जुनी प्रत्येक वस्तू जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. घरात जागा असते तरी किती! मात्र ज्याच्यावर तुमचा हात बसला, त्याला टाकताना खरे बोला. "मला तू आता नकोस," असे तोंडावर सांगा. तेवढे लाकूडही सोसते. पण आपल्या हाताने त्याला फोडायचे आणि वर तो मुळातच फुसका होता म्हणायचे, असे मात्र करू नका. मी फुसका नव्हतो.