साव्वाच्या पेटीतला रडका आवाज

"हाक मार, माते! पोराला हाक मार!" काळ्या झग्यातला सिद्ध साव्वा गरजला. फाइनाने हात लाकडी पेटीकडे नेला आणि पेटी कण्हली. हात जवळ गेला तसा आवाज चढत गेला, माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा. रशियातल्या कामा नदीकाठच्या त्या गावातलं खच्चून भरलेलं सभागृह ढसाढसा रडू लागलं.

"रोद्या! माझं लेकरू!" फाइनाचा एकुलता एक मुलगा अफगाणिस्तानच्या लढाईत मारला गेला होता.

साव्वाने पेटीला कान लावला. "तो आजही तेच म्हणतोय, आई, त्या गोळ्या बंद कर. त्या विषामुळे मला तुझ्यापर्यंत येता येत नाही."

तिसऱ्या रांगेतल्या कापितोलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइना तिची धाकटी बहीण, हृदयाच्या गोळ्यांवर जगणारी. साव्वाच्या आधीच्या सभेनंतर, परवाच, ती जिन्यात कोसळली होती. ओठ निळे पडले होते आणि गोळ्या सापडल्या कचऱ्याच्या बादलीत. तेव्हापासून कापितोलिना त्या आपल्या पिशवीत घेऊन फिरत होती. जाब विचारला तर म्हणाली, "ताई, तुला मूल नाही. तुला नाही कळायचं."

आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली कापितोलिना ताडताड मंचावर चढली.

"खाली उतरा, बाई! पेटी फक्त आईचा हात ओळखते."

"असं?" तिने हात पुढे केला. पेटी मुकी.

"बघा, लोकहो! वांझ हाताला आत्मा ओ देत नाही!"

तिचे कान तापले. पण फाइनाच्या वेळी साव्वाचा बूट टेबलाखालच्या सतरंजीवर दाबला गेलेला तिने पाहिला होता. हात पेटीजवळच ठेवून तिने त्याला खांद्याने ढकललं आणि तिथेच पाय दिला. खाली विजेची कळ होती. पेटी कण्हली.

"गेर्मान, वर ये!" सभागृहाचा ढेरपोट्या व्यवस्थापक धापा टाकत आला. "तुझं कोणी मेलंय?" कापितोलिनाने विचारलं.

"नाही हो, बाई. सगळे ठणठणीत. सासूसुद्धा."

"हात दाखव पेटीला." कळेवरचा पाय तिने काढला नव्हता.

पेटी बोंबलली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

कापितोलिनाने झाकण उचकटलं. आत तारांची वेटोळी आणि एक उभी दांडी. "हा बघा आत्मा! याला तेर्मेनवोक्स म्हणतात. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच शास्त्रज्ञाने शोधलेलं वाद्य आहे. आत वीज सतत कंप पावते. दांडीजवळ शरीर आलं की कंपनाचा वेग बदलतो आणि सूर चढतो. आईचा हात असो, नाहीतर चोराचा!" ती साव्वाकडे वळली. "जग ज्या वाद्याला टाळ्या वाजवतं, तेच वापरून तू आयांना मारायला निघालास, हलकटा?"

साव्वा बाजूच्या दाराकडे सटकला. तिथे बायकांनी त्याचा झगा धरला.

फाइना मात्र जागची हलली नाही. "ताई, तेवढा एक आवाज होता माझ्याकडे. तोही हिसकावलास."

कापितोलिना तिच्याजवळ गेली. "तो रोद्या नव्हता गं. आईने मरावं असं रोद्या म्हणेल? तूच सांग." मग ती सभागृहाकडे वळली. "तुमचं दुःख खरं आहे, म्हणून तर हे लुच्चे त्यावर पोसले जातात. रडा, खुशाल रडा. पण कोणी चमत्कार दाखवला तर आधी टेबलाखाली वाकून बघा. विचारा, हे होतं कसं? जो विचारू देत नाही, तो चोर."

फाइनाने टेबलाखाली वाकून ती कळ पाहिली, मग त्या उघड्या तारा.

"ताई, पाणी आहे का गं तुझ्याकडे?" शेवटी ती म्हणाली आणि गोळीसाठी तळहात पुढे केला.