गेममध्ये नसलेली गोष्ट

निवडणुकीनंतरच्या दंगलीत केनियातल्या किसुमू शहरातलं वासोंगाचं टीव्हीचं दुकान लोकांनी धुऊन नेलं. तेव्हापासून तो रोज दुपारी ओकुमूच्या गेम पार्लरमध्ये येऊन दंगलीचाच गेम खेळायचा. टीव्हीसमोर बसायचं, कंट्रोलर हातात घ्यायचा आणि दिसेल ती काच फोडत सुटायचं. दहा मिनिटं झकास वाटायचं, मग कंटाळा यायचा.

"तोडफोड फर्स्टक्लास आहे," तो एक दिवस म्हणाला, "पण ज्याने हा बनवला, त्या शहाण्याने दंगल बघितलेली नाही. सगळे नुसते बोंबलत पळतात. कोणी कोणाच्या ओळखीचा नाही. आणि एवढी दुकानं फुटली, तरी माल एकही जण उचलत नाही!"

ओकुमू हसला. "काय बाबा तुम्ही पण! गेममधली माणसं ती. माल नेऊन ठेवणार कुठे?"

वासोंगाने समोरच्या टीव्हीच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक वितळून खळगा पडला होता. हा टीव्ही आपल्या दुकानात विकायला ठेवण्याआधी दुरुस्त करताना त्याच्याच हातून तिथे तापलेली सोल्डरिंग गन टेकली होती.

"तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि त्याने पुढचा डाव सुरू केला.