झाकणाची रबरी रिंग

उद्योजकतेच्या वर्गातल्या त्या मुलीला सर 'वाघीण' म्हणत. तसे ते वर्गातल्या सगळ्यांनाच वाघ म्हणत. म्हणायला काही पदरचं जात नाही! तिने न गळणारा डबा तयार केला होता आणि पहिला नमुना वापरून बघायला महिन्यापूर्वी सरांनाच दिला होता. आज सकाळी त्याच्या झाकणाची रबरी रिंग तिला स्वतःच्याच कपाटात सापडली. रिंगशिवाय तो डबा म्हणजे नुसती चाळण. सरांची बॅग, कागद, सगळं भिजलं असणार. रिंग मुठीत धरून माफी मागायला ती धावतच सभागृहात आली.

सर मंचावरून पाहुण्यांना तोच डबा दाखवत होते. "आमच्या वाघिणीची करामत! महिनाभर रोज यातून सूप नेतोय, एक थेंब सांडला असेल तर शपथ!"

टाळ्या पडल्या. वाघिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा मंचावर चढली, सरांच्या हातातून डबा ओढून घेतला, टेबलावरचं पाणी त्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा आडवा धरला. पाणी थेट सरांच्या बुटांवर.

"अगं, मी तुझा उत्साह वाढवत होतो," सर पुटपुटले.

तिने रिंग त्यांच्या हातात कोंबली. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, सर. पण शिव्या घालायला डबा एकदा तरी वापरावा लागतो."