सहावा फोन

फोनवर स्वतःबद्दल बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. दुसरा, सल्ला द्यायचा नाही. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणजे बावीस वर्षं सल्ल्याशिवाय दुसरं काही दिलं नाही. त्यामुळे सुरुवातीला जीभ चावून चावून जेरीस आले.

काम असं की, देश सोडून आलेल्या आणि इथे राहायच्या परवान्याची वाट बघत बसलेल्या आमच्या लोकांना एक संस्था पुस्तक देते. मन सावरायचं पुस्तक, पाच धड्यांचं. ज्याचं त्याने वाचायचं, आणि आठवड्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी फोन करून पंधरा मिनिटं विचारपूस करायची. पाच आठवडे, पाच फोन. शेवटी आठ प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या आत आली तर फाइल बंद, वर गेली तर आणखी पाच आठवडे. बेचाळीस माणसं थांबलेली होती आणि त्यांची यादी माझ्याकडे होती.

मीही तशीच आलेली. माझा परवाना तीन वर्षांपूर्वी झाला. दिवसा धुलाईच्या कारखान्यात दवाखान्यांच्या चादरींच्या घड्या घालते. तिथे मशीनच्या आवाजात कुणी बोलत नाही. चारला सुटले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शेजारीण जिन्यात ‘हं’ म्हणते, तेवढाच काय तो संवाद.

मंगळवारी पाचला कुलूपवाल्यांचा फोन असायचा. साठीचा माणूस, चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केलेली. फोन उचलला की आधी विचारायचे, “चहा झाला का, ताई?” मी नियमाला धरून म्हणायची, “तुमचं सांगा.” माझा चहा झालेला नसायचाच, पण हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

“घर सोडताना दाराला कुलूप लावलं की नाही, आठवतच नाही,” पहिल्या आठवड्यात ते म्हणाले. “सगळ्या गल्लीची कुलपं माझ्या हातची. आणि नेमकं माझंच आठवत नाही. रात्रभर तेवढंच डोक्यात.”

घर तरी उभं आहे का, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुस्तकात लिहिलंय, विचार आला की त्याच्याशी भांडू नका, त्याला नाव द्या, पाय जमिनीवर टेकवा आणि हातातलं काम करा. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, “आला होता कुलपाचा विचार. बस म्हटलं बाबा कोपऱ्यात.” मी हसले. हसू नये असा काही नियम नाही.

तिसऱ्या धड्यात आपल्या आवाक्यातली एक लहानशी अडचण सोडवायची असते. त्यांनी त्यांच्या निवासातल्या सामाईक स्वयंपाकघराचं न लागणारं कपाट चमचा आणि पिन घेऊन दुरुस्त केलं. मग शेजारच्या खोलीचं. मग वरच्या मजल्यावरून निरोप यायला लागले. चौथ्या मंगळवारी फोन उचलायलाच वेळ लागला.

“ताई, जरा घाईत आहे. दोघंजण कुलूप बिघडलेल्या पेट्या घेऊन बसलेत.”

चहाचं विचारलंच नाही. मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. मी कारखान्यातून धापा टाकत येते आणि हे घाईत.

पाचव्या फोनला मी आठ प्रश्न विचारले. झोप लागते? लागते. एकटं वाटतं? “छे हो, इथे एकटं बसू देतंय कोण!” बेरीज चार झाली. “येतो ताई. तुमचे उपकार विसरणार नाही,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मग खोलीत फ्रिजची घरघर तेवढी राहिली. पुढच्या मंगळवारी यादीतला नवा माणूस आला असता. पण मला नवा माणूस नको होता. मी चाराच्या जागी बारा लिहिले. बावीस वर्षांत एका पोराचा अर्धा गुणसुद्धा मी इकडचा तिकडे केला नव्हता.

सहावा फोन त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. आवाज पहिल्या आठवड्यातला होता.

“संस्थेचं पत्र आलंय, ताई. त्रास कमी झालेला नाही म्हणे. मला आपलं वाटत होतं, मी बरा झालो. म्हणजे माणसाला स्वतःचं काही कळत नाही.”

“आणि पेट्या?”

“परत दिल्या. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाने लोकांच्या कुलपांना हात लावू नये. तो विचारही परत आलाय. नाव देऊनही जात नाही.”

“तुम्हाला काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “तुमचे चारच होते. बारा मी लिहिले.”

“चुकून?”

चुकून म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

“नाही. मुद्दाम. तुम्ही चहा झाला का विचारता म्हणून.”

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पलीकडून नुसता पानं उलटल्याचा आवाज आला. पुस्तकाच्या शेवटी ते आठ प्रश्न छापलेले आहेत.

“झोप लागते?” त्यांनी विचारलं.

“मला काय विचारताय?”

“शून्य ते तीन, ताई. सांगा.”

मी सांगत गेले. ‘एकटं वाटतं का’ला तीन म्हटलं. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग पाचवा प्रश्न विचारला.

“सतरा,” शेवटी ते म्हणाले. “फार होतात. नाव घाला यादीत. आणि आधी माझं पत्र दुरुस्त करा, मला त्या पेट्या परत मागवायच्यात.”

मीच करीन तुम्हाला फोन, असं ते म्हणतील म्हणून मी रिसीव्हर कानाला धरून बसले. ते तसं म्हणाले नाहीत. “ठेवतो,” म्हणाले.

मी बारा खोडून चार केले, खाली खरं कारण लिहिलं आणि सही केली. यादीतल्या पहिल्या माणसाला पुढचा मंगळवार दिला. मग सगळ्यात खाली, त्रेचाळिसावं, माझं नाव लिहिलं. शेवटच्या रकान्यात फोनसाठी सोयीची वेळ विचारलेली असते. तिथे मी लिहिलं, कधीही.